एक सोमवार चार, एक सोमवार सोळा

"सही करा बाई, म्हणजे विषय संपला," असं म्हणून मुख्याध्यापकांनी कागद माझ्याकडे सरकवला.

कागदावर नाव होतं जागृतीचं. इयत्ता नववी. आणि खाली माझाच शेरा: 'अध्ययनात प्रेरणेचा अभाव'. हा शेरा मी सहामाहीला तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिला होता. सरांनी तो तिथून उचलून जसाच्या तसा पत्रात घातला होता. पत्र तिच्या आईवडिलांना जाणार होतं. मजकूर थोडक्यात असा, की तुमच्या मुलीला दहावी झेपणार नाही, तेव्हा नववीचा निकाल लागला की शाळेतून दाखला घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरा.

हा १७ नंबरचा फॉर्म काय असतो ते सांगते. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं असेल तर तो भरतात. ज्यांची शाळा मध्येच सुटली, जे नोकरीला लागले, त्यांच्यासाठी ही सोय चांगलीच आहे. पण काही शाळा तिचा वेगळाही उपयोग करतात. कच्चं मूल नववीतच बाहेर काढायचं, म्हणजे पुढे ते नापास झालं तरी शाळेच्या निकालात दिसत नाही. आमच्या गेटवर 'दहावीचा निकाल १०० टक्के' असा फ्लेक्स लागलेला होता. सर रोज सकाळी गेटमधून येताना एकदा त्याच्याकडे बघायचे, मग आत यायचे.

मी गणित शिकवते. राहते बोईसरला आणि शाळा दातिवऱ्याच्या बाजूला, किनाऱ्यावर. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण सर अजून तिथेच आहेत आणि मलाही रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. रोज गाडीने सफाळ्याला उतरायचं, तिथून रिक्षा. संध्याकाळी पाच दहाची रिक्षा चुकली की पंचाईत होते, त्यामुळे शेवटची घंटा झाली की मी गेटबाहेर. अकरा वर्षांत मी गावात शाळेच्या पलीकडे गेले नव्हते. यात काही भूषण नाही, पण पुढचं कळायला हे माहीत असलेलं बरं.

जागृती खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायची आणि झोपायची. आडबाजूला लपूनछपून नाही, सरळ वहीवर डोकं टेकून. नाव जागृती, आता काय बोलणार! स्टाफरूममध्ये तिच्या नावावरून रोज एक तरी विनोद व्हायचा आणि त्यातले निम्मे माझे असायचे. मी तिला उभं केलं, पुढे बसवलं, तोंड धुऊन यायला पाठवलं. खडू फेकण्यात माझा नेम चांगला आहे, तोही वापरून झाला. ती दचकून उठायची, "सॉरी बाई" म्हणायची आणि दहा मिनिटांत पुन्हा वहीवर.

मध्यंतरी सरांनी मुलांना प्रेरणा मिळावी म्हणून एक व्याख्याते बोलावले होते. मोठा साउंड, कॉलर माइक, सगळा थाट. दीड तास ते "स्वप्नं बघा, मोठी स्वप्नं बघा" असं सांगत होते. जागृतीने पहिल्या पाच मिनिटांतच ते मनावर घेतलं होतं.

चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच होती. जूनमध्ये हीच पोर पहिल्या बाकावर बसून हात वर करायची. जुलैमध्येही. ऑगस्ट संपेपर्यंत तिचं पार भजं झालं. आम्ही म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. वर्गात अशी एकदोन मुलं दर वर्षी असतात.

"सर, सही करते, पण एवढी घाई कशाला? अजून वार्षिक परीक्षा व्हायची आहे," मी म्हटलं.

"घाई नाही बाई. हे बघा." सरांनी माझंच गुणांचं रजिस्टर उघडलं. आम्ही दर सोमवारी गणिताची वीस मार्कांची चाचणी घेतो. सरांनी जागृतीच्या ओळीवर पेन ठेवून वाचायला सुरुवात केली. "सोळा. चार. सतरा. पाच. पंधरा. तीन. काय दिसतं?"

"मूडी आहे."

"मूडी नाही. सुपरव्हिजनला कोण असतं?"

"एक सोमवार मी, एक सोमवार ड्रॉइंगचे सर."

"चार, पाच, तीन कोणाच्या सोमवारी?"

"माझ्या."

"आणि सोळा-सतरा?"

आमचे ड्रॉइंगचे सर माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत, पण सुपरव्हिजनला ते वर्तमानपत्र उघडून बसतात आणि शब्दकोडं सुटेपर्यंत मान वर करत नाहीत. वर्गात कोणी गाय आणून बांधली तरी त्यांना कळणार नाही.

"कॉपी," सर म्हणाले. "आता बोर्डाच्या परीक्षेला काय ड्रॉइंगचे सर येणार आहेत? फ्लेक्स उतरवावा लागेल आपल्याला."

तरी मी सही केली नाही. दयामाया वगैरे काही नव्हती. मला राग आला होता. माझ्या विषयात, माझ्या नाकाखाली कॉपी करून सोळा मार्क घेते म्हणजे काय! "मला एक सोमवार द्या," मी सरांना म्हटलं. "रंगेहाथ पकडून देते, मग पत्र पाठवा."

पुढचा सोमवार ड्रॉइंगच्या सरांचा होता. त्या दिवशी त्यांना मी सुट्टी दिली. जागृतीला उचलून माझ्या टेबलाशी, माझ्या समोर बसवलं. तिच्यासाठी वेगळा पेपर काढून नेला होता, वर्गाच्या पेपरपेक्षा अंमळ अवघडच. आणि पाऊण तास तिच्याकडे डोळे लावून बसले. पोरगी टक्क जागी! पेपर सोडवला, पुन्हा पहिल्यापासून तपासला, एके ठिकाणी वजाचं चिन्ह राहिलं होतं ते घातलं. मी तिथेच तपासला. सतरा.

माझा राग कुठे ठेवू असं झालं मला.

"मग गेल्या सोमवारी तीन कसे गं?"

"झोप आली होती बाई."

"परीक्षेत झोप?"

"हो."

"आणि पुढच्या सोमवारी?"

तिने मान वर करून जरा विचार केला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "पुढच्या सोमवारी पन येईल."

आता सांगा! एवढ्या वर्षांच्या नोकरीत मुलांनी मला झोपेची शंभर कारणं सांगितली असतील, पण आठवडाभर आधी सूचना देऊन झोपणारी मी पहिल्यांदाच बघत होते.

घरी आले तेव्हा डोक्यात हेच. आमचे हे तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. तीन शिफ्ट, फिरत्या. रजिस्टर मी घरी आणलं होतं आणि जेवताना ते उघडंच होतं. त्यांनी आमटी वाढून घेता घेता त्या ओळीकडे बघितलं. "सोळा, चार, सतरा, पाच... ही मुलगी कुठे शिफ्टला जाते का गं?"

"नववीतली मुलगी आहे ती!"

"असेल. पण हे मार्क शिफ्टवाल्याचे आहेत. माझ्या नाइटच्या आठवड्यात मला विचार साती आठे किती. चोपन्न सांगेन मी."

मी हसले, पण घास हातातच राहिला. आमच्या घरी यांची नाइट असली की दिवसा मिक्सर लावत नाही. कुकरच्या शिट्टीखाली फडकं धरतो. बेल बंद. शेजारच्यांनाही माहीत आहे, तेसुद्धा जिन्यात हळू बोलतात. सव्वीस वर्षं आम्ही असं राहतोय. नाइट करून आलेला माणूस सोफ्यावर बसल्या बसल्या मान टाकतो, तेव्हा त्याला प्रेरणेचा अभाव आहे असं मी एकदाही म्हटलेलं नाही.

पुढच्या सोमवारी जागृतीने शब्द पाळला. झोपली. वीसपैकी चार. मंगळवारी शेवटची घंटा झाली, पाच दहाची रिक्षा मी समोरून जाऊ दिली आणि विचारत विचारत तिच्या घराकडे निघाले.

घराला कडी होती. पुढे किनाऱ्यालगत मोकळं मैदान, त्यात बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या, माणसाच्या उंचीच्या वर, एकाखाली एक. त्यावर बोंबील सुकत होते. हजारो. त्या मांडवाला इथे वलांडी म्हणतात. खाली बायका टोपल्या पुढे घेऊन ओली मासळी निवडत होत्या. त्यात जागृतीची आई होती. आणि जागृती, शाळेतून येऊन तिला पंधरा मिनिटंही झाली नसतील, जुना ड्रेस चढवून कामाला लागलीसुद्धा होती.

मी गेले आणि म्हटलं, "मी जागृतीची बाई. मला जरा बोलायचं होतं."

आईने वर बघितलं, हसली, हात काही थांबवला नाही. "बाई, आज नाय बोलाय होनार. उधान हाय. भांगाला या, बसू निवांत."

मला जरा लागलंच ते. शाळेची बाई घरी आली आणि ही मला तारीख देते! आणि भांग म्हणजे कधी?

"जागृती," मी म्हटलं, "काय म्हणतायत या?"

मग जागृतीने मला शिकवलं. शिकवलं हाच शब्द बरोबर आहे. काम करता करता, एका पायरीवरून दुसरीवर, काही न वगळता. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे समुद्राला ओढ जास्त असते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं, तो भांग. इथल्या होड्या डोल लावतात, म्हणजे पाण्याच्या वाटेत मोठी पिशवीसारखी जाळी बांधून ठेवतात. पाण्याला ओढ असेल तरच तिच्यात मासळी शिरते. म्हणून उधाणाचे सात-आठ दिवस होड्या चालतात, भांगाचे सहा-सात दिवस होड्या किनाऱ्याला. उधाणाला भरती येते एकदा दुपारी आणि एकदा मध्यरात्रीनंतर. भरती आली की होडी बंदरात शिरते, आणि होडी आली की घरात कोणी झोपत नाही. बोंबील थांबत नाही बाई, ती म्हणाली, लगेच निवडायचा, धुवायचा, उजाडलं की टांगायचा.

"किती वाजता उठतेस?"

"आज राती एकला. उद्या राती पावनेदोनला. रोज पाऊन तास फुडं जातं."

मी मनातल्या मनात सोमवार मोजले. एक सोमवार उधाणात, एक सोमवार भांगात. सोळा, चार, सतरा, पाच. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा ती पहिल्या बाकावर. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा झाली की होड्या समुद्रात आणि जागृती वहीवर. सगळं रजिस्टर माझ्यासमोर नऊ महिने उघडं होतं आणि ते मला वाचता आलं नाही. गणिताची बाई मी!

"तुमाला ठावं नाय?" आईने विचारलं. तिला खरंच नवल वाटलं होतं. "अकरा वर्सं येताव ना गावात? मला वाटला तुमाला ठावं हाय नि तरी लिवलाय. पोरीने वाचून दाकवला मला तो कागूद. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, बाईंच्या मनात काय आसंल."

मला खूप लाज वाटली. मुलीने स्वतःच्याच तोंडाने आईला माझा शेरा वाचून दाखवला होता.

मग मी १७ नंबरचं सांगितलं. न सांगून चालणार नव्हतं. आईला तो प्रकार माहीत नव्हता, ती ऐकत राहिली. जागृतीचे हात मात्र थांबले.

"बाई, सतरा नंबर भरला की शाळेत यायचं नाय ना?"

"गरज नसते यायची. घरी अभ्यास करायचा."

"घरी?" ती म्हणाली. "घरी असले त मला भांगाला पन काम हाय. जाळी हायत, लहान भाव हाय, पानी हाय. अभ्यास कंदी करू? नको बाई. मी झोपनार नाय वर्गात. शप्पत."

ती झोपणार नाही म्हणत होती आणि तिचे डोळे मिटत होते.

त्या वेळी माझ्या तोंडून गेलं, "मी एकदा येऊन बघते. उद्या." आईला वाटलं मी सहज म्हणतेय. मी सहज म्हटलं नव्हतं. आमच्या ह्यांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "जा जा, एक नाइट कर, मग कळेल आम्ही काय करतो ते."

बुधवारी संध्याकाळी मी जागृतीकडे राहिले. पावणेदोनला उठवलं मला. पुढचं काही रंगवून सांगत नाही, मासळी निवडली एवढंच. उजाडल्यावर टांगायचं काम. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. माझ्या जोड्या सुटून पायावर पडत होत्या. जागृती बोलता बोलता माझ्या एका जोडीमागे आठ टाकत होती. "बाई, बोट आत घालू नका, दात लागतील," असं तिने तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा लागले. आई हसून हसून बेजार. "बाईंना पुडं बसवा," म्हणाली, "लक्ष नाय त्यांचं." वर्गातलं सगळं पोरगी घरी सांगते हे तेव्हा कळलं.

आंघोळ करून अकराला आम्ही दोघी बरोबरच शाळेत गेलो.

आणि मी साफ विसरले होते की त्या दिवशी दुपारी तीनला आमचं प्रशिक्षण होतं. तालुक्याहून एक मार्गदर्शक आले होते. विषय: 'विद्यार्थ्यांमधील प्रेरणेचा अभाव, कारणे व उपाय'. पडद्यावर स्लाइड, खोलीत पंखा, खिडक्या बंद. पहिली स्लाइड मला आठवते. दुसरीवर एक जिना काढलेला होता आणि एक मुलगा तो चढत होता, तेही आठवतं. तो वर पोचला की नाही, मला माहीत नाही.

मला जाग आली ती खांद्यावर कोणीतरी टकटक केल्यामुळे. ड्रॉइंगचे सर. "बाई," ते कुजबुजले, "घोरताय." सगळा स्टाफ वळून बघत होता. मार्गदर्शकांनी स्लाइड थांबवली होती. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"सॉरी सर."

प्रशिक्षण संपल्यावर मला केबिनमध्ये बोलावणं आलं. सर तापले होते. "पाहुण्यांसमोर घोरता तुम्ही? प्रेरणेच्या प्रशिक्षणात? आता मुलांना काय सांगायचं आपण?"

"सर, मी पावणेदोनला उठलेय."

आणि मी सगळं सांगितलं. उधाण, भांग, डोल, सोमवार. रजिस्टर समोर ठेवलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या बाजूला ठेवलं. पौर्णिमा, अमावास्या, मार्क. सर जळगावकडचे. समुद्र त्यांनी नोकरी लागल्यावर बघितला. तरी माणूस हुशार आहे, त्यांना लगेच कळलं. म्हणजे कॉपी नाही हे कळलं. पण हटायला तयार नाहीत.

"ते ठीक आहे. पण बाई, बोर्ड काय पंचांग बघून पेपर ठेवणार आहे? उधाणात पेपर आला तर चारच मार्क पडणार ना? उद्या म्हणाल, शाळाही भरती-ओहोटी बघून भरवा."

हा मुद्दा बिनतोड होता. सर पत्र पुन्हा माझ्याकडे सरकवत होते. माझी नजर त्यांच्या टेबलावर गेली, तिथे नववीचं हजेरीचं रजिस्टर पडलं होतं, सहीसाठी आलेलं. ते मी ओढलं. का ओढलं, सांगता येणार नाही. जागृतीची ओळ शोधली. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. पानं उलटत गेले. फेब्रुवारीपर्यंत आले. पुन्हा मागे जाऊन बघितलं.

"काय शोधताय?" सर म्हणाले.

"गैरहजेरी."

"किती दिवस?"

"एकही नाही."

सरांनी रजिस्टर स्वतःकडे फिरवून घेतलं.

माझा आवाज चढला होता, हे मला नंतर शिपायाने सांगितलं. "सर, उधाणाच्या दिवसांत वर्गातली दहा-बारा मुलं येतच नाहीत. बघा, हे बघा, सगळे अ. घरी झोपतात ती. त्यांना आपण एका शब्दाने विचारत नाही. ही एक वाजता उठते, सकाळी नऊपर्यंत बोंबील टांगते आणि तरी अकराला वर्गात येऊन बसते. एक दिवस चुकवलेला नाही तिने. ती येते म्हणून तिची झोप आपल्याला दिसते. आणि मी तिला लिहिलं, प्रेरणेचा अभाव! नऊ महिने मी मार्क बघितले आणि हजेरी नुसती घेत राहिले. चुकलं माझं. पण मी यावर सही करणार नाही. आणि दाखला द्यायचा असेल तर तिच्या आईला तुम्ही स्वतः वलांडीवर जाऊन द्या."

सरांनी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग पत्र त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं.

"फ्लेक्स उतरला तर तुमच्या नावाने उतरेल बाई."

"उतरू दे."

दुसऱ्या दिवसापासून काही मोठी क्रांती वगैरे झाली नाही. दोन गोष्टी केल्या. माझी चाचणी मी सोमवारी घ्यायची बंद केली आणि भांगात घ्यायला लागले, तेव्हा सगळ्याच वर्गाचे मार्क वाढले. आणि उधाणाच्या दिवसांत जो कोणी येईल त्याला पहिला तास लायब्ररीच्या लांब बाकावर झोपायची परवानगी. हे सरांच्या तोंडून काढायला मला पंधरा दिवस लागले. वेळापत्रकात त्यांनी त्याला 'मूक वाचन' असं नाव दिलं. ही बातमी गावात पसरली तशी उधाणातली गैरहजेरी कमी झाली. उरलेला दिवस मुलं जागी असायची. तो बुडलेला तास मी जेवणाच्या सुट्टीत भरून काढायचे.

बोर्डाचा प्रश्न उरला होता. तो सोडवायला मी भांगाला गेले, सांगितलं होतं तशी. आईने चहा केला, निवांत बसली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मार्चमध्ये परीक्षा आहे आणि त्यातले सात-आठ दिवस उधाणात जाणार. त्या दिवसांत जागृतीला कामाला लावू नका, एवढीच विनंती.

मला वाटलं, बराच वाद होईल. मी उत्तरं पाठ करून गेले होते.

"मंग आदी सांगायचा ना!" आई म्हणाली. "आट दिवस काय, म्हैनाभर नाय हात लावू देनार तिला. मी हाय, माजी भन हाय. तुमी कागूद धाडताव, पन इचारायला कोन येतच नाय."

यावर मी चहा पीत बसले. दुसरं काय करणार?

निकाल सांगून टाकते. जागृती रेग्युलर दहावीला बसली. गणिताचा पेपर नेमका पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आला, भर उधाणात. आई आणि मावशीने दोन आठवडे तिच्या वाटणीच्या दोऱ्या भरल्या. गणितात तिला एकाहत्तर पडले. आता ती पालघरला अकरावीला आहे. उधाणात अजूनही लवकर उठते, पण तिथल्या मॅडमना तिने पहिल्याच आठवड्यात सगळं समजावून सांगितलं म्हणे, कॅलेंडर घेऊन. फ्लेक्स अजून गेटवर आहे, उन्हाने त्याचे रंग उडालेत एवढंच. मी प्रगतिपुस्तकात शेरे अजूनही लिहिते, नोकरी आहे, लिहावे लागतात. फक्त लिहायच्या आधी हजेरीचं रजिस्टर उघडते.

पण मला सांगायचं आहे ते तिच्या दहावीच्या वर्षातल्या डिसेंबरमधलं. शाळेची तपासणी होती. नवीन आलेले अधिकारी, कडक इस्त्री, हातात फाइल. वर्ग बघत बघत ते लायब्ररीपाशी आले आणि दारातच थांबले. आत बाकावर तीन मुलं गाढ झोपलेली. त्यात जागृती.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर पुढे झाले. "उधाण आहे साहेब."

"म्हणजे?"

आणि आमच्या जळगावच्या सरांनी व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूने चंद्र काढला, समुद्र काढला, डोल काढली. दहा मिनिटं समजावलं. मध्ये एकदा त्यांनी अष्टमीला उधाण लावून टाकलं, पण मी काही बोलले नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, मग फाइल उघडली आणि पेन काढलं.

"ते सगळं बरोबर असेल हो. पण तास चालू असताना मुलं झोपलेली आहेत. मी रिपोर्टमध्ये यांच्यापुढे लिहायचं काय?"

"हजर लिहा," सर म्हणाले. "तिघंही हजर. आणि साहेब, जरा हळू बोला."